प्रस्तावना : रिक्त पद, मानधन आणि संघटना

सरकारी खर्चकपात म्हटले की अर्थसंकल्पातील एखादी तरतूद एका फटक्यात निम्मी झाल्याचे चित्र डोळ्यांपुढे येते. महाराष्ट्रातील प्रत्यक्ष अनुभव मात्र बहुधा तसा नसतो. येथे कपात होते ती सेवानिवृत्तीने मोकळे झालेले पद वर्षानुवर्षे न भरल्याने. नव्या आकृतिबंधात, म्हणजे एखाद्या कार्यालयाला कोणत्या दर्जाची किती पदे मिळावीत हे ठरवणाऱ्या मंजूर आराखड्यात, ते पद ‘मृत संवर्ग’ ठरल्याने. वेतनाच्या जागी मानधन आणि नेमणुकीच्या जागी अकरा महिन्यांचा करार आल्याने. कोणाला कामावरून काढलेले नसते, कोणाचा पगार कापलेला नसतो, त्यामुळे संप नेमका कशाविरुद्ध करायचा हेच संघटनेला पुष्कळ काळ उमगत नाही. प्रस्तुत ग्रंथाचा विषय येथून सुरू होतो: जी कपात सहसा दिसत नाही तिला कामगार संघटनांनी कोठे तोंड दिले, कोठे दिले नाही, आणि या झटापटीत संघटना या संस्थेचेच रूप कसे पालटत गेले.

मुंबईतून पाहण्यापेक्षा केशोरीसारख्या ठिकाणाहून हा प्रश्न अधिक स्वच्छ दिसतो. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गडचिरोली जिल्ह्याला लागून असलेल्या जंगलपट्ट्यातले हे गाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते मुख्यतः मिरचीमुळे. जवळ इटियाडोहचे धरण, भोवती धानाच्या बांध्या, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता, अशी या परिसराची अर्थव्यवस्था. मोठा कारखाना नाही, गिरणी नाही; नियमित रोख वेतन देणारा मालक शोधायचा तर तो शासनच: प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्हा परिषदेच्या शाळा, पोलीस ठाणे, वनविभाग, परिसरातल्या आश्रमशाळा आणि अंगणवाड्या. शासन येथे मालकही आहे आणि सेवेचा जवळजवळ एकमेव पुरवठादारही. सपाटीच्या भागात ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० मागे एक उपकेंद्र असा निकष असताना आदिवासी व डोंगराळ भागासाठी तो अनुक्रमे २०,००० आणि ३,००० असा सैल ठेवला गेला, कारण अंतर आणि रान यांचा हिशोब लोकसंख्येत मावत नाही हे धोरणकर्त्यांनी एके काळी मान्य केले होते. अशा भागात परिचारिकेचे एक पद रिकामे राहिले तर शहरातल्याप्रमाणे शेजारचा दवाखाना उपलब्ध नसतो. शिवाय ते पद ज्या घरातल्या मुलीला मिळू शकले असते ते घरही याच पंचक्रोशीतले असते. कपातीचा घाव एकाच उंबरठ्यावर दोनदा पडतो.

संघटना आणि कपात यांचे नाते आजचे नाही. पहिल्या महायुद्धानंतर तिजोरी ताळ्यावर आणण्यासाठी ब्रिटनमध्ये १९२२ साली गेडिस समितीची कुऱ्हाड चालली आणि पाठोपाठ हिंदुस्थानात लॉर्ड इंचकेप यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२२-२३ मध्ये लष्करापासून रेल्वेपर्यंत काटछाट सुचवली. तोवर कामगार चळवळीने बाळसे धरले होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र आणले होते, ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस अर्थात आयटक ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपत राय यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाली होती, आणि १९२६ च्या कायद्याने संघटना नोंदवण्याची वाट मोकळी झाली. कपातीविरुद्धच्या पहिल्या मोठ्या लढ्यांपैकी एक गोंदियाच्या वाचकाला अगदी परका वाटू नये, कारण तो बंगाल नागपूर रेल्वेवर झाला. गोंदिया हे याच रेल्वेचे जंक्शन. येथून निघालेला अरुंद रुळांचा फाटा अर्जुनीवरून चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे, जात असे. या रेल्वेच्या खडगपूर येथील कार्यशाळेत १९२७ साली कामगारकपातीवरून तीव्र संघर्ष पेटला, आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी याच रेल्वेच्या कामगार संघटनेतून पुढे आले. जागतिक मंदीत १९३१ साली सरकारी नोकरांच्या पगाराला १० टक्के कात्री लागली तेव्हाही रेल्वे कामगारांच्या संघटनांनीच कपातीचा प्रश्न देशपातळीवर नेला.

या काळातला एक धडा पुढे विसरला गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, संपाच्या हक्काला लगाम घालणाऱ्या औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध, कम्युनिस्टांच्या बरोबरीने मुंबईत संप घडवून आणला. पण त्याच आंबेडकरांनी गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला शिरकाव नाही याकडेही चळवळीचे लक्ष वेधले होते. संघटनेच्या दारातून कोण आत येतो आणि कोण बाहेर राहतो, हा प्रश्न त्यांनी संपाच्या हक्काइतकाच महत्त्वाचा मानला. शासकीय कर्मचाऱ्यांच्या संघटनांना तो अर्धशतकानंतर नव्या रूपात भेटायचा होता.

स्वातंत्र्यानंतरची चार दशके शासन वाढत जाण्याची होती. १९६० आणि १९६८ चे केंद्रीय कर्मचाऱ्यांचे संप, जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखालचा मे १९७४ चा रेल्वे संप, आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे तर र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली १९७७-७८ मध्ये झालेला राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप, हे सारे वाढत्या घरातल्या वाटणीचे झगडे होते. ५४ दिवसांच्या संपाची प्रमुख मागणी केंद्राप्रमाणे महागाई भत्ता ही होती. नोकरी टिकेल की नाही ही शंका त्यामागे नव्हती. सामूहिक सौदा, म्हणजे एकेका नोकराऐवजी सर्वांच्या वतीने संघटनेने मालकाशी केलेली बोलणी, याच गृहीतकावर घडला आणि पुढच्या पिढीतील कर्मचारी नेतृत्वाची मनोरचनाही त्यानेच घडवली.

१९९१ नंतर हे गृहीतक ढासळले. नव्या आर्थिक धोरणाविरुद्धचा पहिला देशव्यापी संप त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला झाला, परंतु खरी कोंडी पुढे आली. पाचव्या केंद्रीय वेतन आयोगाने वेतनवाढीबरोबरच दहा वर्षांत कर्मचारीसंख्या ३० टक्क्यांनी घटवण्याची शिफारस केली. सरकारांनी पहिला भाग जाहीरपणे स्वीकारला आणि दुसरा भाग, शिफारस म्हणून बाजूला ठेवूनही, भरतीबंदीच्या मार्गाने बऱ्याच अंशी अमलात आणला. वेतन आयोगाचा आनंद आणि रिक्त पदांचे ओझे ही एकाच सौद्याची दोन अंगे होती, असे या ग्रंथातील अनेक लेखकांचे मत आहे आणि ते सहज खोडता येणारे नाही. राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज वगळता शासनाची जमा आणि त्याचा खर्च यांतील अंतर, कायद्याने मर्यादित करणारा केंद्राचा कायदा २००३ मध्ये आणि महाराष्ट्राचा २००५ मध्ये आला. त्याच २००३ साली तामिळनाडू सरकारने निवृत्तिवेतन व इतर लाभांतील कपातीविरुद्ध संपावर गेलेल्या सुमारे पावणेदोन लाख कर्मचाऱ्यांना बडतर्फ केले, आणि टी. के. रंगराजन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शासकीय कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर वा नैतिक हक्क नसल्याचे म्हटले. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत येणाऱ्यांसाठी निश्चित निवृत्तिवेतनाऐवजी अंशदान योजना लागू झाली.

येथे थोडे थांबणे भाग आहे, कारण महाराष्ट्रातील संघटनांच्या इतिहासातील सर्वांत महाग पडलेले मौन याच पाच-सहा वर्षांतले आहे. २००० पासून शिक्षणसेवक योजनेने नवा शिक्षक पहिली तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर राबू लागला. १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने आरोग्य खात्यात कंत्राटी परिचारिका, तंत्रज्ञ आणि कामावर आधारित मोबदला घेणाऱ्या आशा, म्हणजे गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्या, यांचे समांतर विश्व उभे केले. आणि जुन्यांचे निवृत्तिवेतन सुरक्षित ठेवून येणाऱ्यांचे बदलले गेले. कायम कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी निवेदने दिली, ठराव केले, पण आजच्या सभासदाचे काही जात नव्हते म्हणून सर्व शक्ती पणाला लावली नाही. उद्या येणारा कर्मचारी आज वर्गणी भरत नाही, हे त्यामागचे साधे गणित. जुन्या निवृत्तिवेतनासाठी १४ ते २० मार्च २०२३ या काळात राज्यातील लाखो कर्मचारी संपावर गेले तेव्हा त्या संपाचा कणा २००५ नंतर लागलेली तरुण मंडळीच होती, आणि त्यांच्या रागातला काही भाग स्वतःच्या ज्येष्ठ नेत्यांवरही होता. समिती नेमली गेली, संप मागे घेतला गेला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये १ नोव्हेंबर २००५ पूर्वीच्या जाहिरातीनुसार पण त्यानंतर रुजू झालेल्यांपुरता जुन्या योजनेचा पर्याय खुला झाला. बाकीच्यांचा प्रश्न सुधारित योजनांच्या चर्चेत गेला.

अभ्यासक या साऱ्याकडे निरनिराळ्या चष्म्यांतून पाहतात. सिडनी आणि बिअ‍ॅट्रिस वेब या दांपत्याने १८९७ मध्ये मांडलेली परंपरा संघटनेला औद्योगिक लोकशाहीची संस्था मानते. या दृष्टीने कपातीच्या काळात तिचे काम बोलणी करून झळ वाटून घेण्याचे. मार्क्सवादी परंपरेत जेम्स ओ’कॉनर यांनी १९७३ साली राज्याच्या वित्तीय अरिष्टाचा सिद्धान्त मांडला: भांडवलसंचयाला मदत करायची आणि जनतेची संमतीही टिकवायची, या दोन कामांच्या ओढाताणीत शासनाची तिजोरी सतत अपुरी पडते, म्हणून शासकीय कर्मचारी आणि सेवा घेणारे नागरिक यांची युती हाच मार्ग. याच्या नेमके उलट, मॅनकर ऑल्सन आणि सार्वजनिक निवड संप्रदायाचे अर्थशास्त्रज्ञ कर्मचारी संघटनेकडे हितसंबंधी गट म्हणून पाहतात. थोड्यांचा मोठा लाभ आणि त्याचा पुष्कळांवर पसरलेला थोडा थोडा बोजा, असे त्यांचे विश्लेषण. रिचर्ड फ्रीमन आणि जेम्स मेडॉफ यांनी १९८४ मध्ये या दोन्हींना एका चौकटीत बसवत संघटनेला दोन चेहरे असतात असे सांगितले, एक मक्तेदारीचा आणि दुसरा सामूहिक आवाजाचा. भारतात अहमदाबादच्या मजूर महाजनाने गांधीविचारातून विश्वस्तपणाची व लवादाची वाट चोखाळली. हे सर्व सिद्धान्त गृहीत धरतात की कामगार कोण आणि मालक कोण याविषयी वाद नाही. केशोरीच्या अंगणवाडीत पाय ठेवताच हे गृहीत गळून पडते.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. तीत काम करणारी स्त्री ‘सेविका’, तिला मिळते ते ‘मानधन’, आणि ती शासनाच्या लेखी समाजसेवा करणारी स्वयंसेवक. तिने पूरक आहार शिजवून वाढायचा, वजने घ्यायची, नोंदवह्या आणि आता भ्रमणध्वनीवरील माहिती भरायची, सर्वेक्षणे आणि मतदारयाद्यांच्या कामाला जायचे. हे सारे ठरलेल्या वेळेत आणि पर्यवेक्षिकेच्या हुकमाखाली. अमीरबी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती नागरी पद धारण करत नसल्याचे म्हटले. २५ एप्रिल २०२२ च्या निकालात त्याच न्यायालयाने तिला १९७२ च्या कायद्यानुसार उपदान, म्हणजे दीर्घ सेवेनंतर एकरकमी मिळणारी ग्रॅच्युइटी, मिळण्याचा हक्क मान्य केला. दोन निकालांमधल्या पंधराएक वर्षांत कायद्याची चौकट काही अंशी बदलली होती. शिवाय बदलले होते ते संघटनांनी रस्त्यावर, श्रम परिषदेत आणि न्यायालयात चालवलेल्या वादाचे वजन. २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार मानावे, किमान वेतन व सामाजिक सुरक्षा द्यावी अशी शिफारस केली होती. ती शिफारसच राहिली.

याच क्षेत्राने खर्चकपातीचे उघड रूपही पाहिले. चौदाव्या वित्त आयोगाने करांतील राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्क्यांवर नेल्याचे कारण पुढे करून २०१५-१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या योजनेची तरतूद आदल्या वर्षीच्या अर्ध्याहूनही खाली आणली गेली, आणि वर्षभरात ती पुन्हा वाढवावी लागली. केंद्राने सेविकेच्या मानधनातील आपला भाग ऑक्टोबर २०१८ पासून ३,००० वरून ४,५०० रुपये केला, पण त्यानंतर वर्षानुवर्षे त्यात वाढ केली नाही. महागाईच्या काळात न वाढवलेली रक्कम ही देखील कपातच, फक्त तिला शासन निर्णय लागत नाही. महाराष्ट्रात अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी सप्टेंबर-ऑक्टोबर २०१७ मध्ये २६ दिवसांचा संप केला. मार्च २०१८ मध्ये त्यांना अत्यावश्यक सेवा कायदा, बोलीभाषेत ‘मेस्मा’, लावण्यात आला आणि विधिमंडळातील गदारोळानंतर त्याला स्थगिती द्यावी लागली. जी स्त्री वेतनाच्या वेळी स्वयंसेवक ठरते ती संपाच्या वेळी अत्यावश्यक सेवक कशी ठरते, हा प्रश्न त्या काळात अंगणवाडी संघटनांच्या संयुक्त कृती समितीच्या सभांतून विचारला गेला. शासनाकडे त्याचे समाधानकारक उत्तर नव्हते. ४ डिसेंबर २०२३ पासून सुरू झालेला संप ५२ दिवस चालला. आशांची कथा याहून बोलकी आहे. ऑक्टोबर २०२३ मधील संपानंतर ७,००० रुपयांची वाढ जाहीर झाली, लेखी निर्णय निघाला नाही, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये त्या पुन्हा संपावर गेल्या, थंडीत आझाद मैदानावर बसल्या, आणि मार्चमध्ये निर्णय निघाला तो ५,००० रुपयांचा. ‘जीआर हातात पडल्याशिवाय उठायचे नाही’ हे या संघटनांतले पक्के सूत्र अशा अनुभवांतून आलेले आहे.

या संघटनांचे वेगळेपण केवळ मागण्यांत नाही. गिरणी कामगाराची संघटना फाटकावर उभी राहिली. आशांची संघटना तालुक्याच्या मासिक सभेत, लसीकरणाच्या दिवशी, एसटीच्या थांब्यावर उभी राहते, कारण एक हजार लोकसंख्येमागे एक याप्रमाणे गावोगाव विखुरलेल्या बायका एरवी एकमेकींना भेटतच नाहीत. त्यांतल्या अनेकींचे बाकीचे उत्पन्न धानाच्या रोवणीतून, तेंदूपत्त्याच्या हंगामातून किंवा विडी वळण्यातून येते. विडीचा उल्लेख ओघाने आला, पण तो ग्रंथाच्या विषयापासून दूर नाही. भंडारा-गोंदिया पट्ट्यातील विडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्याने विडीवर उपकर बसवला होता आणि त्यातून दवाखाने, शिष्यवृत्त्या, घरकुले यांचा खर्च भागत असे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा हा उपकर रद्द झाला आणि राखीव असलेला निधी सर्वसाधारण अर्थसंकल्पाच्या मर्जीवर गेला. या बदलाची चर्चा विडी कामगारांच्या संघटनांबाहेर जवळजवळ झालीच नाही.

शासनाची बाजू या ग्रंथात टाळलेली नाही. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांवर राज्याच्या महसुली जमेचा मोठा वाटा खर्ची पडतो हे खरे आहे. कायम कर्मचाऱ्याचे वेतन आणि केशोरीच्या परिसरातील शेतमजुराची मजुरी यांत जे अंतर आहे ते पाहता संपाबद्दल गावात सहानुभूती नसते, हेही खरे. संपाचा पहिला फटका मंत्रालयाला नव्हे, लसीच्या रांगेतल्या बाळाला बसतो. दुर्गम भागातील नेमणूक टाळण्यासाठी, प्रतिनियुक्तीच्या नावाखाली शहराजवळ सरकण्यासाठी काही संघटनांनी आपले वजन खर्च केले आहे, आणि ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने आदिवासी व नक्षलग्रस्त भागातील कर्मचाऱ्यांना दिलेली एकस्तर, म्हणजे एक पातळी वरची, वेतनश्रेणी व प्रोत्साहन भत्ता यांच्या थकबाकीवर जेवढी निवेदने गेली तेवढी त्याच भागातील रिक्त पदांवर गेली नाहीत. ही टीका संघटनांच्या विरोधकांची म्हणून झटकून टाकण्याजोगी नाही.

आजच हा ग्रंथ का, याचे कारण गेल्या काही वर्षांतील घटनाक्रमात आहे. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ खासगी संस्थांमार्फत बाह्यस्रोतातून पदे भरण्याची मोकळीक दिली आणि स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांच्या असंतोषापुढे तो पुढच्याच महिन्यात रद्द झाला. येथे लढा प्रथम पेटवला तो संघटित कर्मचाऱ्याने नव्हे, नोकरीच्या दारात उभ्या असलेल्या तरुणाने. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटसंख्येवरून शिक्षकसंख्या ठरवण्याच्या, नव्या निकषांनी वाड्या-टोल्यांवरील छोट्या शाळांचे भवितव्य टांगणीला लावले आणि सप्टेंबरमध्ये शिक्षक सामूहिक रजेवर गेले. या वेळी अनेक गावांतले पालक त्यांच्या बाजूने बोलले, कारण शिक्षक जाणे म्हणजे शाळा जाणे हे त्यांना कळले होते. २०२५ मध्ये आश्रमशाळांतील रोजंदारी कर्मचाऱ्यांनी बाह्यस्रोत भरतीविरुद्ध नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडले. त्यातच २०१९ आणि २०२० मध्ये संसदेने मंजूर केलेल्या चार श्रमसंहितांनी संपापूर्वीच्या नोटिशीची अट सर्व औद्योगिक आस्थापनांपर्यंत ताणली आहे.

प्रस्तुत ग्रंथ संघटनांचा गौरवग्रंथ नाही आणि संपांची बखरही नाही. त्याचा प्रयत्न एवढाच, की अर्थसंकल्पाच्या पुस्तिकेतला आकडा उपकेंद्राच्या कुलुपापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो आणि त्या वाटेवर संघटना कोठे कोठे भेटते, याचा माग काढावा. म्हणून त्यात वित्त विभागाची परिपत्रके आणि तालुका पातळीवरील सभांची इतिवृत्ते यांना सारखाच मान आहे. एसटीचा २०२१-२२ मधील दीर्घ संप जाणूनबुजून थोडक्यात घेतला आहे, कारण एसटी महामंडळाच्या शासनातील विलीनीकरणाच्या मागणीमागचे अर्थकारण स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. रुग्णवाहिकांचे चालक, ग्रामरोजगार सेवक, वसतिगृहांतील स्वयंपाकी यांच्याविषयीचे लेखन त्रोटक राहिले आहे, आणि त्याचे एक कारण असे की त्यांच्या संघटना अजून इतक्या कच्च्या आहेत की त्यांचे दप्तरच तयार झालेले नाही.

संज्ञांबाबत एक खुलासा आवश्यक आहे. शासकीय कागदांत ‘मानसेवी’, ‘स्वयंसेविका’, ‘लाभार्थी’ असे शब्द येतात आणि मूळ कागद जेथे उद्धृत झाला आहे तेथे ते तसेच ठेवले आहेत. संपादकीय मजकुरात मात्र अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशा यांच्यासाठी सर्वत्र ‘कर्मचारी’ हाच शब्द योजला आहे, त्याची कायदेशीर मान्यता अद्याप अपुरी असल्याची जाणीव ठेवून.